मूल आणि पैसा एकाच तराजूत नको

लग्न मोडायला आलं की पहिले काही महिने घरात एकाच गोष्टीवर खल चालतो: चूक कोणाची. दोन्हीकडचे मामा-काका बैठकीला बसतात, जुनी उणीदुणी निघतात, देण्याघेण्याच्या याद्या बाहेर येतात. या धामधुमीत तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळून जातात. लग्न कायद्याने संपवायचं का, हा पहिला. पुढचा खर्च कोणी आणि किती द्यायचा, हा दुसरा. मूल कोणाजवळ राहील आणि दुसऱ्याला कसं भेटेल, हा तिसरा. कायद्यात या तिन्हींची कलमं वेगळी आहेत, निकष वेगळे आहेत आणि बऱ्याचदा अर्जही वेगळे असतात. तरीही कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात रोज ऐकू येतं, "तिने पोटगी सोडली तर मी मुलाचा ताबा सोडतो", "आधी पैसे टाक, मग मूल दाखवते." या सौद्याची किंमत मूल मोजतं, आणि कायद्यापुढे असा सौदा टिकतही नाही. पुढे जे लिहिलं आहे ते मुख्यतः हिंदू विवाह कायद्याला धरून आहे. इतरांसाठी काय वेगळं आहे, ते शेवटाकडे सांगितलं आहे.

घरात मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर आधी सुरक्षित जागी पोचा. ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर फोन करा. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या एकाच अर्जात संरक्षण, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे आणि मुलांचा तात्पुरता ताबा हे सगळं मागता येतं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्याच कारणाने सुनेचा राहण्याचा हक्क नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. फौजदारी तक्रार करायची असेल तर जे घडलं तेवढंच, तारीखवार लिहा. दूरच्या नणंदेपासून चुलत दिरापर्यंत सगळ्यांची नावं घातली की खरी तक्रारही पातळ होते.

स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी

गावाकडे आणि शहरातल्या वस्त्यांतही आजही स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली जाते. खाली नोटरीचा शिक्का, चार पंचांच्या सह्या. दोन्ही घरांना वाटतं की काडीमोड झाला. तो झालेला नसतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होतो. रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला कलम २९ मध्ये जागा आहे, पण ती रूढी त्या समाजात पूर्वापार चालत आली आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नसतं. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न लावलं तर ते लग्न बेकायदा ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हाही होतो. यात सर्वात जास्त फसते ती दुसरी स्त्री. तिच्या बाबतीत एवढा दिलासा आहे की पहिलं लग्न लपवून दुसरं करणाऱ्याला तेच कारण पुढे करून पोटगी चुकवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलं.

त्या कागदातली एक ओळ नीट वाचा: "आम्ही दोघे राजीखुशीने विभक्त राहत असून यापुढे एकमेकांकडे काहीही मागणार नाही." दंडाधिकाऱ्यांपुढच्या किंवा कौटुंबिक न्यायालयातल्या पोटगीच्या अर्जात, नवरा-बायको परस्परसंमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी नाकारता येते. म्हणजे घटस्फोट न देणारा हाच कागद उद्या तुमच्या पोटगीच्या आड येऊ शकतो. बैठकीत कितीही दबाव आला तरी वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

दावा कोणता आणि कुठे

दोघांची तयारी असेल तर परस्परसंमतीची वाट सर्वांत कमी त्रासाची आहे. कलम १३ ब खाली किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही. मुंबई-पुण्यात दोन भाडी परवडत नाहीत म्हणून एका छताखाली, पण नवरा-बायको म्हणून न राहणारी जोडपीही यात बसतात. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा हजर राहून संमती सांगायची. सहा महिन्यांची ही अट माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. दोघं दीड वर्षापासून वेगळी असतील, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी, ताबा यांबद्दल सगळं ठरलेलं असेल तर ही सूट मागावी. हुकूम होईपर्यंत कोणीही एक जण संमती मागे घेऊ शकतो. म्हणून ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच तारखेला हातात देऊ नका आणि हक्कही आधीच सोडून देऊ नका. रकमेचे टप्पे न्यायालयातल्या तारखांशी जोडा.

संमती नसेल तर कलम १३ मधलं कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, दोन वर्षं टाकून देणं, व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार आणि असंच काही. नुसतं "आमचं पटत नाही" हे त्या यादीत नाही. लग्न सावरता येण्यापलीकडे गेलं आहे या एकाच कारणावर घटस्फोट देण्याचा विशेष अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली स्वतःपुरता मान्य केला. जिल्ह्याच्या न्यायालयात त्या मुद्द्यावर विसंबू नका. लग्नाला एक वर्ष झालेलं नसेल तर अपवादात्मक हालअपेष्टा दाखवल्याशिवाय दावा घेतला जात नाही.

बायकोला ती सध्या राहते तिथे, म्हणजे माहेरच्या गावी राहत असेल तर तिथल्या न्यायालयातही घटस्फोटाचा दावा करता येतो. कौटुंबिक न्यायालयात वकील लावायला न्यायालयाची परवानगी लागते, ती सहसा मिळते. तिथल्या विवाह समुपदेशकापुढे मोकळेपणाने बोला. ते बोलणं गोपनीय असतं. ऐपत नाही म्हणून गप्प बसू नका. प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न काहीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ते कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत महिलांना न्यायशुल्क माफ आहे.

पोटगीचा खरा आधार कागद

घटस्फोट मागितला नसला तरी पोटगी मागता येते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. बायको, घटस्फोटित व पुन्हा लग्न न केलेली स्त्री, मुलं आणि म्हातारे आई-वडील त्याखाली अर्ज करू शकतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दाव्याच्या काळात आणि कलम २५ खाली निकालानंतर पोटगी मिळते. या दोन कलमांखाली गरजू नवराही मागू शकतो. तात्पुरत्या पोटगीचा अर्ज नोटीस पोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत जातात. म्हणूनच कागद आधीच तयार हवेत.

याबाबत सर्वात उपयोगी निकाल नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुरू झालेल्या एका प्रकरणाचा आहे. तिथे २०१३ मध्ये बायकोला महिना १५,००० रुपये आणि मुलाला सुरुवातीला ५,००० रुपये तात्पुरती पोटगी मंजूर झाली. वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी 'रजनेश विरुद्ध नेहा' या नावाने निकाल लागला. मूल तेवढ्या काळात सात वर्षांनी मोठं झालं. या निकालाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोघांनीही मिळकत, मालमत्ता आणि कर्जं यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू करायची. वेगवेगळ्या कायद्यांखाली अर्ज केले असतील तर आधीचा हुकूम लपवायचा नाही, आणि आधी मिळालेली रक्कम नंतरच्या हुकमात जमेस धरायची.

शपथपत्रात खोटं लिहू नका. बायकोने स्वतःची नोकरी लपवली तरी ती उघड होते, आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. नोकरी आहे म्हणून पोटगी आपोआप नाकारली जात नाही. त्या पगारात सासरी होतं तसं साधारण राहणीमान राखता येतं का, हे पाहिलं जातं. नवऱ्याने राजीनामा देऊन "मी बेकार आहे" म्हटल्याने सुटका होत नाही. धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना बायकामुलांना पोसलं पाहिजे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे.

समोरच्याच्या मिळकतीचे पुरावे घर सोडण्याआधी किंवा सोडल्यावर लगेच गोळा करावेत. नोकरदार असेल तर पगाराची पावती, फॉर्म १६, बँकेचे उतारे, गृहकर्जाच्या अर्जाची प्रत. कर्ज काढताना माणूस उत्पन्न खरं लिहितो. शेतकरी कुटुंबात "शेती वडिलांची आहे, मला काही मिळत नाही" हे ठरलेलं उत्तर येतं. त्यावर सातबारा, आठ अ, कारखान्याची ऊसबिलं, डेअरीचे दुधाचे पगार जमा होणारं खातं, ट्रॅक्टरचं नोंदणीपत्र असं हाती ठेवा. दुकानदाराचं जीएसटी विवरणपत्र आणि दुकानाचा परवाना. लग्नात मिळालेल्या दागिन्यांची, भांड्यांची यादी बिलं आणि फोटो लावून करा. स्त्रीधन बायकोचंच असतं. सासरच्यांकडे ते सांभाळायला दिलं म्हणून त्यांचं होत नाही.

मुलाचा खर्च मात्र ढोबळ आकड्यात मागू नका. समजा, मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे, आई नोकरी करते आणि आजीबरोबर भाड्याच्या घरात राहते. शाळेची फी वर्षाला ४८,००० म्हणजे महिना ४,०००. शाळेची व्हॅन १,५००. वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट, सहल मिळून वर्षाला १२,००० म्हणजे महिना १,०००. दूध, फळं, किराण्यातला तिचा वाटा ४,०००. डॉक्टर-औषधं सरासरी १,०००. घरभाडं १२,०००, माणसं तीन, म्हणून तिचा वाटा ४,०००. पाळणाघर २,५००. बेरीज १८,००० होते. वडिलांचा पगार ६०,००० आणि आईचा ३०,००० असेल तर वडिलांनी १२,००० आणि आईने ६,००० उचलणं रास्त ठरेल, कारण दोघं कमावत असतील तर मुलांचा भार मिळकतीच्या प्रमाणात वाटावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच म्हटलं आहे. असा तक्ता आणि मागे पावत्या जोडल्या की न्यायाधीशांना अंदाज बांधावा लागत नाही, आणि बापालाही आपण पैसे कशासाठी देतो ते दिसतं. पगाराचा पंचवीस टक्के हिस्सा असं एक सूत्र सगळीकडे सांगितलं जातं. तो एका प्रकरणातला आकडा आहे, नियम नाही.

ज्यांना पैसे द्यायचे आहेत त्यांनीही लक्ष द्यावं. रोख कधीच देऊ नका. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेतून पाठवा. नोकरी गेली, आजारपण आलं तर रक्कम कमी करून घेण्यासाठी लगेच अर्ज करा. नुसतं देणं थांबवलं तर थकबाकी साठते, जप्ती येते, प्रसंगी तुरुंगवासही होतो, आणि तुरुंगात जाऊन आल्याने बाकी फिटत नाही. घेणाऱ्यांनी कलम १४४ खालची थकबाकी वर्षाच्या आत मागितली पाहिजे. "देईल कधीतरी" म्हणून दोन-तीन वर्षं वाट पाहिली तर ही वसुलीची वाट अडते.

मुलाच्या भेटीचा तपशील

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ असावं, असं हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, १९५६ म्हणतो. त्यातला 'साधारणपणे' महत्त्वाचा, कारण शेवटी निकष एकच, मुलाचं हित. आई कमावत नाही म्हणून तिला ताबा नाकारला जात नाही. पैसा बापाकडून पोटगीने आणता येतो. बाप कमावतो एवढ्याने तो पालक म्हणून चांगला ठरत नाही, आणि बाप आहे म्हणून वाईटही ठरत नाही. न्यायालय पाहतं की मुलाला रोज शाळेसाठी कोण उठवतं, त्याचा दवाखाना कोण सांभाळतं, शाळा आणि घर न तुटता कुठे राहता येईल. मूल समजतं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी दालनात एकटं बोलतात. त्या भेटीआधी त्याला उत्तरं पढवू नका. पढवलेलं मूल एका वाक्यात ओळखू येतं, आणि ते ओझं त्याच्या मनावर राहतं. ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो.

मूल शाळेतून परस्पर उचलून गावाला नेणं, ही फार मोठी चूक आहे. त्याने हक्क वाढत नाही, न्यायालयाचं मत मात्र बिघडतं. पोटगी थकली तरी भेट बंद करू नका, आणि भेट मिळाली नाही तरी पोटगी थांबवू नका. दोन्हींसाठी स्वतंत्र अर्ज करा. घटस्फोटाच्या समझोत्यात आईने "मुलासाठी काही मागणार नाही" असं लिहून दिलं तरी मुलाचा हक्क संपत नाही. तो हक्क मुलाचा आहे. आईला तो सोडून देता येत नाही.

समझोत्याच्या अटींत "वडील सोयीनुसार मुलाला भेटतील" असं वाक्य मी पाहिलं की पुढच्या दोन वर्षांची भांडणं मला तिथेच दिसतात. सोय कोणाची? २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की भेटीची पद्धत, वेळ आणि तपशील स्पष्ट लिहावा, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं. अटी अशा लिहाव्यात: दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी १० पासून रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत मूल वडिलांकडे राहील. वडील त्याला आईच्या इमारतीच्या फाटकापाशी घेतील आणि तिथेच आणून सोडतील. मूल आजारी असेल तर आदल्या रात्री ८ पर्यंत मेसेज येईल आणि बुडालेली भेट लगेच पुढच्या शनिवारी होईल. रोज रात्री ८ वाजता पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल. दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी, सम वर्षी पहिला अर्धा भाग आईकडे, विषम वर्षी वडिलांकडे. उन्हाळ्यात सलग २१ दिवस. गणपतीला मूल आजी-आजोबांच्या घरी जाईल. प्रगतिपुस्तक दोघांना मिळेल. पासपोर्ट कोणाजवळ राहील, परदेशी न्यायचं असेल तर किती दिवस आधी कळवायचं, शाळा किंवा गाव बदलायचं झाल्यास काय, हेही लिहा. मूल तान्हं असेल तर रात्रीचा मुक्काम सुरुवातीला नको, पण तो कोणत्या वयापासून सुरू होईल ते ठरवून ठेवा. मनात भीती असेल तर न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, समुपदेशकाच्या देखरेखीखाली भेट मागता येते.

पैशाच्या अटींतही एवढीच नेमकेपणाची सवय ठेवा. दरमहा रक्कम ठरवताना वाढीची टक्केवारी लिहा. २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ५०,००० रुपये पोटगीवर दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ दिली होती. कॉलेजची फी, मोठं आजारपण, आरोग्यविमा यांचा वाटा आधीच ठरवा. दोघांच्या नावावर फ्लॅट आणि गृहकर्ज असेल तर तुमचा समझोता बँकेला बांधत नाही. बँकेने लेखी मोकळं करेपर्यंत दोघंही कर्जदार राहतात. हक्क सोडायचा असेल तर दस्त नोंदवून घ्या.

इतरांसाठी काही फरक आहेत. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांच्या तरतुदी बऱ्याच सारख्या आहेत. मुस्लिम स्त्रियांसाठी तोंडी तीन तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आणि दंडनीय आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही जुन्या कलम १२५ (आताचं १४४) खाली पोटगी मागता येते, हे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ठामपणे सांगितलं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची दिवाणी संहिता आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता सामाईक मानली जाते आणि लग्न मोडल्यावर निम्मा-निम्मा हिस्सा होतो. महाराष्ट्रात असा आपोआप निम्मा हिस्सा मिळत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की तिथला घटस्फोट इथल्या कायद्यात नसलेल्या कारणावर, दुसऱ्याच्या गैरहजेरीत झाला तर भारतात तो मानला जाईलच असं नाही. आणि मूल तिकडून परस्पर भारतात आणलं तर इथलं न्यायालय मुलाचं हित पाहून ते परत पाठवण्याचा हुकूमही देऊ शकतं.

हुकूमनामा झाला की त्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवा. अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. ती संपल्याशिवाय आणि अपील झालेलं नाही याची खात्री केल्याशिवाय दुसरं लग्न ठरवू नका. भविष्य निर्वाह निधी, विमा आणि बँक खात्यांवरची वारसाची नावं बदलून घ्या, रेशनकार्ड वेगळं करा. कंपनीच्या आरोग्यविम्यात मुलाचं नाव राहिलं आहे ना, ते विचारा, कारण जोडीदाराचं नाव काढताना मुलाचंही निघून जातं असं घडतं. ताबा आणि भेटीच्या हुकमाची एक प्रत शाळेच्या कार्यालयात द्या, दोघांचेही फोन क्रमांक लिहून द्या आणि कोणत्या दिवशी कोण न्यायला येणार हे वर्गशिक्षिकेला सांगून ठेवा.